भाड्याच्या जागेतले ऑनलाइन दुकान
- विशेष प्रतिनिधी

दादरमधील किंवा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील एखादे जुने दुकान हलते, तेव्हा मालक बंद शटरवर पाटी लावतो : 'आमचे दुकान पलीकडच्या गल्लीत स्थलांतरित झाले आहे.' बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते. गिऱ्हाईक मालकाला ओळखत असते आणि उधारीची वही मालकाच्याच हातात असते. ऑनलाइन दुकान एका ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर नेताना मात्र या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. वरवर हे काम संगणकतज्ज्ञाचे वाटते. मुळात तो मालकीचा प्रश्न आहे.

मॅजेंटोचा धडा

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मॅजेंटो. २००८ मध्ये बाजारात आलेले हे मुक्त सॉफ्टवेअर जगभरातील हजारो दुकानदारांनी स्वीकारले. पुढे त्याची मालकी बदलत गेली. २०११ मध्ये ते ईबेकडे गेले, २०१५ मध्ये ईबेपासून वेगळे झाले आणि २०१८ मध्ये अ‍ॅडोबीने ते १६८ कोटी डॉलरना विकत घेतले. दरम्यान, नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. तिची रचना इतकी निराळी होती की, पहिल्या आवृत्तीसाठी केलेली सजावट आणि जोडलेल्या सुविधा तिच्यात चालत नव्हत्या. नाव तेच असले, तरी दुकान नव्यानेच उभारावे लागणार होते.

पहिल्या आवृत्तीची सुरक्षा-दुरुस्ती ३० जून २०२० रोजी थांबली. मुदत आधीच जाहीर झाली होती, तरीही खर्चाच्या धास्तीने अनेकांनी स्थलांतर लांबणीवर टाकले. सप्टेंबर २०२० मधील एका शनिवार-रविवारी सुमारे दोन हजार दुकानांवर हल्ला झाला. खरेदी करणाऱ्यांच्या कार्डांची माहिती चोरणारा मजकूर त्यांच्या पानांत घुसवण्यात आला. त्यांतील बहुसंख्य दुकाने याच जुन्या आवृत्तीवर चालत होती. न हलण्याचीही किंमत असते, ती अशी.

घरमालक बदलला, इतकेच

या अनुभवानंतर अनेकांना शॉपिफायसारखा पर्याय सोयीचा वाटला. कॅनडातील ओटावा येथे २००६ मध्ये सुरू झालेली ही कंपनी दरमहा भाडे घेते आणि सर्व्हर व सुरक्षेची काळजी स्वतः वाहते. छोट्या व्यापाऱ्यासाठी हा दिलासा खराच. पण जागा भाड्याची म्हटली की, घरमालकाची मर्जीही आलीच. अ‍ॅमेझॉनने आपली 'वेबस्टोअर' ही अशीच सेवा २०१६ मध्ये बंद केली, तेव्हा तेथील दुकानदारांना बिऱ्हाड हलवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. कंपनी मोठी असली, म्हणून तिची प्रत्येक सेवा टिकेलच असे नाही.

काय हलते, काय राहते?

मालाची यादी, किमती, छायाचित्रे, ग्राहकांची नावे आणि पत्ते सहसा हलतात. दुकानाची सजावट मात्र नव्याने करावी लागते. ग्राहकांचे पासवर्ड सांकेतिक रूपात साठवलेले असल्याने बहुधा सोबत येत नाहीत आणि प्रत्येकाला नवा पासवर्ड घ्यावा लागतो. ग्राहकांचे अभिप्राय अनेकदा तिसऱ्याच कंपनीच्या सुविधेत अडकलेले असतात.

सर्वांत मोठे नुकसान न दिसणारे असते. प्रत्येक वस्तूच्या पानाला स्वतःचा पत्ता असतो आणि गुगल त्याच पत्त्यावर गिऱ्हाईक पाठवते. प्लॅटफॉर्म बदलला की पत्त्यांची रचना बदलते. जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्याकडे वळवणारी '३०१' ही सूचना म्हणजे शटरवरची पाटीच. ती किमान वर्षभर ठेवावी, असे खुद्द गुगल सांगते. ती लावायची राहिली, तर वर्षानुवर्षांची ओळख पुसली जाते.

आपल्याकडे आणखी दोन बाबी आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्यामुळे पेमेंटची यंत्रणाही बदलली, तर ग्राहकाला कार्डाची नोंद पुन्हा करावी लागू शकते. दुसरे, जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. जुने खाते बंद करताना जुनी बिले त्याच्यासोबत गेली, तर करअधिकाऱ्यापुढे सबब चालणार नाही.

कायदा कुठे आहे?

मोबाइल कंपनी बदलूनही क्रमांक कायम ठेवण्याची मुभा देशभर जानेवारी २०११ मध्ये मिळाली, तेव्हा ग्राहक कंपनीच्या जोखडातून काही अंशी सुटला. ऑनलाइन दुकानदाराला असा हक्क नाही. युरोपीय संघाचा 'डेटा अ‍ॅक्ट' १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. क्लाउड सेवा बदलू इच्छिणाऱ्या ग्राहकाची अडवणूक करू नये, हा त्यातील दंडक आहे आणि स्थलांतराचे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून बंद करण्याची तरतूदही त्यात आहे. आपल्याकडे वैयक्तिक माहिती दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या विधेयकात होता. २०२३ च्या कायद्यातून तो गळला. शिवाय तो हक्क व्यक्तीसाठी होता, व्यापाऱ्यासाठी नव्हे.

तोवर पैठणी वा कोल्हापुरी चप्पल विकणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याने स्वतःची काळजी स्वतःच घेतलेली बरी. संकेतस्थळाचे नाव स्वतःच्या नावावर नोंदवावे. ते प्लॅटफॉर्मच्या किंवा संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर असू नये. ग्राहकांची व मालाची यादी दरमहा उतरवून घ्यावी. दिवाळीच्या तोंडावर स्थलांतर करू नये. आणि करार करतानाच विचारावे : उद्या जायचे ठरवले, तर काय काय सोबत नेता येईल? भाड्याची जागा घेताना पागडीची आणि मुदतीची चौकशी आपण करतोच. ऑनलाइन जागेबाबत ती न करण्याचे काहीच कारण नाही.