बाक रिकामे कुणी केले?

२०१४ च्या सप्टेंबरमध्ये मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्याची तिकिटे कोका-कोलाच्या बाटल्यांवर मिळू लागली. दोन बाटल्या विकत घ्या, दोन तिकिटे घेऊन जा. हे एखादे आडगावचे, कुणाला ठाऊक नसलेले विद्यापीठ नव्हे. ॲन आर्बरमधले त्यांचे स्टेडियम १,०७,६०१ आसनांचे, अमेरिकेतले सर्वांत मोठे. १९७५ च्या नोव्हेंबरपासून तिथल्या एकूण एक सामन्याला लाखावर प्रेक्षक होते, अशी नोंद. बोभाटा झाल्यावर योजना घाईघाईने मागे घेतली गेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी विद्यापीठाच्या क्रीडासंचालकांनी राजीनामा दिला. पण लाखाची ती नोंद टिकवायला किती घाम गाळावा लागतो, हे तोवर सगळ्यांना कळून चुकले होते.

हा फुटबॉल म्हणजे कोल्हापूरकर जिवापाड जपतात तो नव्हे. लंबगोल चेंडू, शिरस्त्राणे आणि दर दोन मिनिटांनी थांबणारा अमेरिकी खेळ तो हा. तिकडच्या विद्यापीठांत तो खेळापेक्षा मोठा आहे. माजी विद्यार्थ्यांना शरद ऋतूत गावी परत आणणारा तो सण आहे. या सणाची गर्दी २००८ नंतर ओसरत गेली. तेव्हा वरच्या श्रेणीतल्या संघांच्या सामन्याला सरासरी ४६ हजारांवर प्रेक्षक येत. २०१८ मध्ये हा आकडा ४१,८५६ वर आला, म्हणजे १९९६ नंतरचा नीचांक. कोरोनानंतर स्थिती थोडी सावरली. मुळात हे आकडेही फुगवलेले. विकलेली तिकिटे, फुकट वाटलेली तिकिटे, काही ठिकाणी तर बँडवाले आणि कर्मचारीसुद्धा त्यात धरले जातात. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१७ च्या हंगामातली दारावर खरोखर तपासली गेलेली तिकिटे मोजून पाहिली. जाहीर आकड्याच्या सरासरी ७१ टक्केच माणसे आत गेली होती.

मग गर्दी कशी वाढवायची, यावर सल्लागारांचे पेव फुटले. त्यांचे निदान तपासले, की बहुतेक वेळा आरोपी बाहेरचाच निघतो.

पहिला आरोपी टीव्ही. घरी मोठा पडदा, स्वच्छतागृह दहा पावलांवर, बिअर स्वस्त. मग उन्हात कोण बसणार? युक्तिवाद ऐकायला बिनतोड, पण सत्तर वर्षांपूर्वीचा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अमेरिकेच्या विद्यापीठ-क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, याच भीतीपोटी सामन्यांच्या प्रक्षेपणावर बंधने घातली. ती तीस वर्षांहून अधिक काळ टिकली. १९८४ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती मोडीत काढली. (विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट तरुणपणी कोलोराडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते. जुन्या खेळाडूचे मन मैदानाकडे ओढले, तर त्यात नवल नाही.) निकालानंतर पडद्यावर सामन्यांचा पूर आला. टीव्हीने स्टेडियमे ओस पडायची असती, तर ती तेव्हाच पडली असती. तसे घडले नाही. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गर्दी एकूण वाढलीच. वारीचे प्रक्षेपण घरोघरी दिसू लागले म्हणून पंढरपूरची वाट सुनी पडली नाही, तसेच हे.

टीव्हीने केलेले नुकसान वेगळे आहे आणि त्याला विद्यापीठांची सही आहे. प्रक्षेपणाच्या करारांत सामन्याची वेळ ठरवायचा हक्क वाहिनीला देऊन टाकला. अनेक सामन्यांची वेळ बारा दिवस आधी, कधी तर अवघी सहा दिवस आधी कळते. सामना दुपारी बाराला की रात्री आठला, हेच ठाऊक नसताना तीनशे किलोमीटरवरून मुलाबाळांसह येणाऱ्याने हॉटेल कधीचे घ्यायचे? आत आल्यावर मैदानात एक लाल टोपीवाला येऊन उभा राहतो. तो हलेपर्यंत खेळ सुरू होत नाही, कारण तिकडे जाहिराती चालू असतात. घरचा प्रेक्षक तेवढ्यात चहा करून येतो. पैसे मोजून आत आलेला मात्र बाकावर बसून लाल टोपीकडे बघत राहतो. साठ मिनिटांच्या घड्याळाचा खेळ असा साडेतीन तासांच्या घरात जातो. तेव्हा टीव्हीला दोष देणाऱ्यांनी आधी त्या करारावर सही कुणाची आहे ते पाहावे.

दुसरा आरोपी विद्यार्थी. या पिढीचे लक्ष टिकत नाही, हातातला फोन सुटत नाही, अर्ध्यातून उठून जातात वगैरे. अलाबामा विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी ही तक्रार जाहीरपणे आणि वारंवार केली. त्यावर विद्यापीठाने २०१९ मध्ये काढलेला उपाय मला अमेरिकी क्रीडाव्यवस्थापनाचा कळस वाटतो. विद्यार्थ्यांच्या फोनवर एक ॲप. ते फोनच्या ठिकाणावरून विद्यार्थी स्टेडियममध्ये आहे की नाही हे ओळखणार. घरच्या सामन्याला आल्याचे १०० गुण, चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्वार्टरपर्यंत थांबल्याचे २५०. ज्याचे गुण जास्त, त्याला मोसमाअखेरच्या मोठ्या सामन्यांच्या तिकिटांत अग्रक्रम. म्हणजे वर्गातली हजेरी सुटली, ती मैदानावर येऊन बसली. लोकांनी खाजगीपणाचा मुद्दा काढला, तो रास्तच होता. मला त्याहून खटकते ते हे, की मुले का उठून जातात हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

विचारला असता तर उत्तर धावफलकावर लिहिलेले होते. २००९ ते २०१७ या काळात अलाबामाने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा जिंकले. अशा संघासमोर सुरुवातीच्या सामन्यांत बोलावले जातात ते मुद्दाम निवडलेले दुबळे संघ. लाखो डॉलरचे मानधन घेऊन ते येतात, मार खातात आणि परत जातात. विद्यापीठाच्या गावाचे, टस्कलूसाचे, सप्टेंबरातले ऊन, मध्यंतरालाच निकाल लागलेला, आणि वर तुम्ही विचारता, पोरे कुठे गेली? शहाणी होती, सावलीत गेली.

यातच तिसऱ्या निदानाचाही निकाल लागतो. ‘संघ जिंकला की लोक आपोआप येतात’, हे ते निदान. जिंकण्याने गर्दी वाढते, हे मी नाकारत नाही. पण पाच विजेतेपदे मिळवूनही गुणांचे ॲप काढावे लागते, तेव्हा जिंकणे पुरेसे नाही हे सिद्ध झाले. उलट बाजूचा पुरावाही आहे. २०२३ च्या हंगामासाठी गाजलेले माजी खेळाडू डीऑन सँडर्स कोलोराडोला प्रशिक्षक म्हणून आले. आदल्या वर्षी एक विजय आणि अकरा पराभव अशी संघाची गत, आणि त्यांच्या पहिल्या वर्षीही चार विजय, आठ पराभवच. तरी घरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटे संपली. नेब्रास्काची गोष्ट त्याहून जुनी. लिंकनमधल्या त्यांच्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटे १९६२ पासून प्रत्येक सामन्याला संपल्याची नोंद आहे, आणि २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे तो संघ जिंकण्यापेक्षा हरला जास्त.

कुणी म्हणेल, ती नोंद खरी नाही, देणगीदारांनी तिकिटे उचलून ती टिकवली. बरोबर आहे. पण उचललेल्या तिकिटांचे पुढे काय केले, ते पाहा. २०२१ मध्ये विद्यापीठाने एक योजना सुरू केली. देणगीदारांनी घेतलेली तिकिटे ओमाहा आणि लिंकनमधल्या गरीब वस्त्यांतल्या, कधीच स्टेडियमची पायरी न चढलेल्या मुलांना दिली. कोकच्या बाटलीबरोबरचे तिकीट आणि हे तिकीट, दोन्ही फुकटच. पहिल्याला एका शनिवारचा आकडा झाकायचा होता. दुसऱ्यामुळे एखाद्या दहा वर्षांच्या पोराला लाल पोशाखातल्या गर्दीच्या सागरात बसल्याची आठवण मिळाली. त्याच मैदानावर ३० ऑगस्ट २०२३ रोजी महिलांच्या व्हॉलीबॉल सामन्याला ९२,००३ प्रेक्षक जमले. तिथे जाणे हीच ज्यांची सवय झाली आहे, ते लोक चेंडूचा आकार बघत नाहीत.

गर्दी वाढवायला मद्यविक्रीचा उपाय मांडणाऱ्यांना मी एका परिच्छेदापेक्षा जास्त जागा देणार नाही. वेस्ट व्हर्जिनियाने २०११ मध्ये स्टेडियममध्ये बिअर सुरू केली, दंगे वाढतील ही भीती खोटी ठरली. दक्षिणेतल्या बलाढ्य एसईसी संघटनेने २०१९ मध्ये बंदी उठवली. उत्पन्न वाढले, ठीक आहे. पण बिअर बाहेर स्वस्त मिळते. तिच्यासाठी कुणी स्टेडियमात येत नाही.

आता खरा प्रतिपक्ष. तो मोठ्याने बोलत नाही, हिशेबाच्या वह्यांत बसलेला असतो. त्याचे म्हणणे असे: टीव्हीचे करार आता इतके मोठे आहेत, की बाक भरले काय, न भरले काय. विद्यार्थ्याच्या स्वस्त बाकापेक्षा धनिकाची काचेआडची खोली परवडते. शिवाय २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा आहे, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेपर्यंत. तो पैसा प्रेक्षकांकडूनच काढावा लागणार. टेनेसी विद्यापीठाने तर हंगामी तिकिटांवर १० टक्के ‘गुणवत्ता शुल्क’ बसवूनही टाकले. चांगले आसन हवे तर आधी देणगी द्या, ही रीत जुनीच. तिच्यावरची करसवलत २०१८ पासून गेली, आणि तेच आसन त्याच माणसाला आणखी महाग पडू लागले.

या हिशेबात एक रकाना कोरा आहे. वाहिनी पैसे मोजते ते काय विकत घ्यायला? २०२० च्या हंगामात रिकाम्या स्टँडमध्ये पुठ्ठ्याची माणसे उभी केली, कर्ण्यांतून गर्दीचा आवाज सोडला. ज्यांनी ते प्रक्षेपण पाहिले त्यांना कळले, की विद्यार्थ्यांचा कल्लोळ हा विकाऊ मालाचाच भाग आहे. दुसरे असे, की देणगी देणारा पन्नाशीचा माजी विद्यार्थी आकाशातून पडत नाही. तो विशीत स्वस्त तिकिटावर, मित्रांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला असतो. त्याचा बाक काढून घेतला, की तीस वर्षांनंतरचा देणगीदारही काढून घेतला.

मिशिगनमध्ये नेमके हेच झाले. विद्यार्थी उशिरा येतात, येतच नाहीत, म्हणून २०१३ मध्ये त्यांची ठरलेली आसने काढून ‘जो आधी येईल तो पुढे’ हा नियम केला. हंगामी तिकीट २९५ डॉलरवर नेले. वर्षानुवर्षे एकत्र बसणाऱ्या टोळक्यांची फाटाफूट झाली. विद्यार्थ्यांनी विरोध केला, आसनांचा नियम मागे घ्यावा लागला, दर तेवढाच राहिला. २०१४ साठीची विद्यार्थी-तिकिटे हजारोंनी घटली. संघ खराब होता म्हणून, असे म्हणावे तर ही तिकिटे हंगाम सुरू होण्याआधीच विकायची असतात. तो पाच विजय, सात पराभवांचा हंगाम अजून खेळला जायचा होता. पुढच्या वर्षी दर १७५ डॉलरवर आला. आजार कुठे होता, हे औषधावरून ओळखावे.

तर मग करायचे काय? जी गोष्ट घरी बसून करता येत नाही, ती स्टेडियमात ठेवा. विस्कॉन्सिनच्या कॅम्प रँडलमध्ये १९९८ पासून तिसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरच्या मध्ये ‘जंप अराउंड’ हे गाणे लागते आणि सगळे स्टेडियम उड्या मारते, कठडे हादरतात. तिथले विद्यार्थी उशिरा येण्याबद्दल बदनाम आहेत खरे, पण चौथ्या क्वार्टरआधी उठायचा मोह त्या गाण्यासाठी आवरतात. अलाबामाने ज्यासाठी २५० गुण मोजले, ते इथे एका गाण्यात झाले. आयोवात २०१७ पासून पहिला क्वार्टर संपला, की सुमारे सत्तर हजार माणसे वळून शेजारच्या बालरुग्णालयाच्या वरच्या मजल्यांकडे हात हलवतात. आतली आजारी मुले खिडकीतून हात हलवतात. कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठांत, जॅक्सन स्टेट किंवा सदर्न युनिव्हर्सिटीत, मध्यंतर ही उठायची वेळ नसते. बँडपथकांची खरी झुंज तेव्हाच असते, आणि सामना संपल्यावरही पथके समोरासमोर वाजवत राहतात. यातले काहीही सल्लागाराच्या अहवालातून आलेले नाही.

आणि मैदान विद्यार्थ्याच्या पायांच्या टप्प्यात हवे. मिनेसोटाचा संघ १९८२ पासून शहरातल्या झाकलेल्या मेट्रोडोममध्ये खेळायचा, २००९ मध्ये तो आवारातल्या स्वतःच्या मैदानावर परतला. टुलेन विद्यापीठाने जवळजवळ चाळीस वर्षे अवाढव्य सुपरडोममध्ये काढली आणि २०१४ मध्ये आवारातच ३० हजारांचे स्टेडियम बांधले. उलट यूसीएलएचे विद्यार्थी लॉस एंजेलिसच्या वाहतुकीतून चाळीसेक किलोमीटरवरच्या रोझ बोल स्टेडियमपर्यंत जाणार, अशी अपेक्षा १९८२ पासून केली जाते. रोझ बोलचे सौंदर्य कबूल, पण तिथले रिकामे स्टँड टीव्हीवर सगळ्या देशाला दिसतात.

खोट्या आकड्यांचे एक कारण मात्र आता उरलेले नाही. वरच्या श्रेणीत राहायचे तर सरासरी १५ हजार प्रेक्षक दाखवा, हा एनसीएएचा नियम २०२३ मध्ये रद्द झाला. यापुढे दारावर तपासलेल्या तिकिटांचाच आकडा जाहीर करायला कुणाची हरकत नसावी.

हे सारे इथे मराठीत का, असे कुणी विचारील. मिशिगनपासून टेक्सासपर्यंत या विद्यापीठांतून शिकलेली मराठी माणसे आज हजारोंनी आहेत, आणि माजी विद्यार्थी म्हणून देणगीची पत्रे त्यांनाही येतात. पुढचे पत्र आले, की धनादेश लिहिण्याआधी उत्तरात एवढेच विचारा: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला यंदा तिकीट कितीला पडते, आणि त्याला बसवता कुठे?