‘एकमेव’ वस्त्राचें स्तोम

हातानें रंगविलेलें व हातानें छापलेलें वस्त्र ही कला कीं कारागिरी, असा प्रश्न आमचे रसिक वारंवार विचारतात आणि त्याचें उत्तरही तेच देऊन मोकळे होतात. उत्तर असें कीं, चित्रकारानें एकच कापड रंगविलें, त्यासारखें दुसरें जगांत नाहीं, तें चौकटींत बसवून भिंतीवर टांगलें, म्हणजे ती कला. आणि छिप्यानें एकाच ठशानें शंभर वार कापड छापलें व तें कोणी अंगावर घेतलें, म्हणजे तो माल. हा निवाडा आम्हांस मान्य नाहीं. तो केवळ शब्दांपुरता असता तर आम्ही त्याकडे दुर्लक्ष केलें असतें; परंतु त्यावर माणसांची मजुरी ठरते, कोणाचें नांव राहावें व कोणाचें बुडावें हें ठरतें, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक विद्या टिकणार कीं नाहीं हेंही ठरतें.

ज्यास माल म्हणून बाजूस सारतात तो निपजतो कसा, हें आधीं पाहूं. कच्छमधील अजरख घ्या. कोरें सुती कापड प्रथम धुऊन त्यांतील खळ काढितात. मग एरंडेल, सोडा व उंटाची लीद यांच्या कालवणांत तें मुरवितात आणि पुढें हिरड्याच्या पाण्यांत बुडवितात. हा हिरडा आमच्या सह्याद्रीच्या रानांतही होतो, पण वैद्याच्या बटव्यापलीकडे त्याची महती आम्हांस क्वचितच ठाऊक असते. नंतर चुना व डिंक यांच्या लेपानें पांढऱ्या राहावयाच्या रेषा राखून ठेवितात. काळ्यासाठीं गंजकें लोखंड गुळाच्या पाण्यांत कित्येक दिवस आंबवितात व त्यास चिंचोक्याच्या पिठानें दाटपणा आणितात; तांबड्यासाठीं तुरटी छापितात. तुरटी छापतांना तांबडा रंग कोठेंच दिसत नाहीं. तो पुढें मंजिष्ठेच्या कढत पाण्यांत उमलतो. तोंपर्यंत तो फक्त छापणाऱ्याच्या मनांत असतो. निळीच्या हौदांतून वर काढलेलें कापड हिरवट असतें आणि वारा लागतां लागतां निळें होतें. धुणें, वाळविणें, पुन्हां छापणें, पुन्हां बुडविणें, अशा चौदा-सोळा पायऱ्या चढून अजरख पुरें होतें.

या प्रत्येक पायरीवर पाणी, ऊन, हवेंतील ओल आणि हौदाचें वय यांची सत्ता चालते. दोन कापडें तंतोतंत सारखीं निघणें हेंच येथें दुर्घट. म्हणजे ज्या एकमेवपणाचें इतकें कौतुक चालतें तो छिप्याच्या अंगणांत न मागतां मिळतो, आणि छिपी आयुष्यभर त्यास ताब्यांत ठेवण्यासाठीं झटत असतो. पाण्याची सत्ता किती असते याचा दाखला ताजा आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानें धमडका गांव उद्ध्वस्त झालें आणि तेथील पाण्यांत लोहाचें प्रमाण वाढून रंग बिघडूं लागले. तेव्हां तेथील अनेक खत्री कुटुंबांनीं भुजजवळ, पाणी पाहून, अजरखपूर हें नवें गांव वसविलें. तांबडा रंग तांबडाच उतरावा म्हणून माणसांनीं गांव बदललें! यास जर कोणी नुसता माल म्हणत असेल, तर त्याच्या रसिकतेबद्दल आम्हांस शंका घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आतां पूर्वपक्ष. ‘ठसा तोच, वेल तीच, बुट्टी तीच, मग यांत नवनिर्मिती ती कोणती?’ हा आक्षेप वरवर सबळ दिसतो. पण एकच बंदिश जन्मभर गाणाऱ्या गवयास आमच्यापैकीं कोणी कारागीर म्हणत नाहीं. तेंच आख्यान शंभरदां लावणाऱ्या कीर्तनकारास, दर वेळीं नवें आख्यान कां रचलें नाहीं, असें विचारीत नाहीं. आवृत्तींतही निर्मिती असूं शकते, हें आमच्या कानांस कळतें. मग डोळ्यांस कळूं नये काय? कलमकारीचें उदाहरण याहून बोलकें आहे. श्रीकाळहस्तीस बांबूच्या कलमानें आकृति हातानें रेखाटतात. मच्छलीपट्टणास लांकडी ठशांनीं छापतात. दोहोंचें नांव एक. हिरडा दोहोंकडे, तुरटी दोहोंकडे. रसिकांच्या कसोटीप्रमाणें पहिलीस कला म्हणून दुसरीस खालच्या पंक्तीस बसवावें लागेल. ज्या कसोटीनें सख्ख्या बहिणींची जात वेगळी ठरते ती कसोटीच खोटी समजावी.

व्यापारी लोकांनीं या स्तोमास आणखी एक शेपूट जोडलें आहे. ‘किंचित् सरकलेला ठसा, किंचित् पसरलेला रंग, हाच हातकामाचा पुरावा,’ असें ते कापडासोबतच्या चिठ्ठीवर छापून देतात. यासारखा कारागिराचा अपमान दुसरा नाहीं. निष्णात छिप्याचा ठसा ठशास असा भिडतो कीं सांधा शोधून सांपडत नाहीं. दोन्ही अंगांनीं छापलेल्या अजरखांत उलटी व सुलटी बाजू एकमेकींवर बरोबर बसविणें हें तर त्याचें खरें कसब. तें सोडून त्याच्या चुकीची किंमत करावयाची, म्हणजे गवयास बेसूर झाल्याबद्दल बिदागी देण्यासारखें आहे. शिवाय हा पुरावा कुचकामाचा आहे. सरकलेल्या ठशाचा भास आज यंत्रालाही हुबेहूब आणतां येतो. दोषावर प्रेम करावयास शिकविलेलें गिऱ्हाईक त्या नकलेस सर्वांत आधीं फसतें.

आणि नक्कल हीच आजची खरी विपत्ति आहे. एके काळीं हिंदी छापील कापडाच्या धास्तीनें परकी सरकारांस कायदे करावे लागले: फ्रान्सनें १६८६ पासून १७५९ पर्यंत त्यावर बंदी घातली, इंग्लंडनें १७२१ सालीं छापील सुती कापड वापरण्यासच मनाई केली, ती १७७४ पर्यंत टिकली. पुढें १८५६ सालीं पर्किननें कृत्रिम जांभळा रंग काढला, १८६९ सालीं मंजिष्ठेंतील रंगद्रव्य रसायनशाळेंत बनूं लागलें, आणि १८९७ पासून कारखान्यांतील नीळ बाजारांत आली. रंग गेला, पण निदान नक्षी तरी हातांत होती. आतां तीही गेली. पडद्यावर किंवा यंत्रावर छापलेलें अजरख थोड्या पैशांत गल्लोगल्लीं मिळतें, आणि विकणारा त्यास बेधडक हातछपाई म्हणतो.

कायदा काय करतो? १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणें, नोंदणीस पात्र असूनही न नोंदलेली नक्षी मालकानें अगर त्याच्या परवानगीनें औद्योगिक पद्धतीनें पन्नासांहून अधिक वस्तूंवर उमटविली, कीं तिच्यावरील स्वामित्वहक्क संपतो. हातछपाई ‘औद्योगिक’ ठरते कीं नाहीं हा वाद वकिलांनीं खुशाल घालावा. आम्हांस दिसतें तें एवढेंच कीं, एक म्हणजे कला आणि अनेक म्हणजे माल, ही रसिकांची समजूत कायद्याच्याही हाडींमाशीं खिळली आहे. १९९९ च्या कायद्यानें भौगोलिक नांवांस संरक्षण दिलें. कच्छी अजरखास तें २०२४ सालीं लाभलें. ही गोष्ट स्वागतार्हच. पण तें नांवाचें रक्षण आहे, हाताचें नाहीं. कच्छचें नांव न घेतां कच्छची नक्षी उचलणाऱ्यास त्यानें फारसा पायबंद बसत नाहीं. हस्तव्यवसायांची बाजू सरकारदरबारीं मांडण्यासाठीं १९५२ सालीं स्थापिलेलें अखिल भारतीय मंडळ २०२० सालीं बरखास्त झालें, हेंही येथें नमूद करून ठेवितों.

आमच्यावर जुन्याच्या वेडाचा आरोप येईल, म्हणून स्पष्ट सांगतों. रासायनिक रंग वापरणाऱ्या छिप्यास आम्ही पापी मानीत नाहीं. त्यानें तसें सांगावें, म्हणजे झालें. स्वतंत्र कल्पनेनें एकच वस्त्र रंगविणाऱ्या चित्रकाराशींही आमचें वैर नाहीं. त्याची प्रतिभा त्यानें अवश्य दाखवावी. आमचें भांडण त्या प्रथेशीं आहे, जींत रेखाटणाऱ्याचें नांव वस्त्राच्या कोपऱ्यांत झळकतें आणि ठसा कोरणारा, रंग चढविणारा, धुणारा हे सर्व अनाम राहतात. गुजराथेंतील पेथापूरच्या कोरक्यांनीं सागाच्या ठोकळ्यावर केंसाएवढी रेष उठविली नसती, तर छपाई कशाची होणार होती?

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. हातछपाई हा शब्द यंत्रावरच्या कापडास लावणें ही उघड फसवणूक मानून तीस शिक्षा व्हावी. हातानें छापलेल्या प्रत्येक वस्त्राबरोबर ठसा कोरणाऱ्याचें, रंगाऱ्याचें व छापणाऱ्याचें नांव जावें. पुस्तकावर मुद्रकाचें नांव घालण्यास जागा पुरते, ती येथेंही पुरेल. आणि तिसरी मागणी आमच्याच घरची आहे. कवितासंग्रहाचें, नाटकाचें, चित्रप्रदर्शनाचें परीक्षण आमचीं मासिकें आवर्जून छापतात. वस्त्राचें परीक्षण मात्र क्वचितच कोणी लिहितें. रंग पक्का आहे कीं कच्चा, सांधा जुळला आहे कीं नाहीं, जुन्या नक्षींत या हातानें काय भर घातली, हें जाणून लिहिणारा टीकाकार जोंवर निघत नाहीं, तोंवर चौकट हीच कलेची व्याख्या राहणार आणि नकलेचें फावणार. महाराष्ट्रांत रंगारी हा शब्द आज कित्येक घरांत निव्वळ आडनांव म्हणून उरला आहे. त्या घरांतली विद्या केव्हां गेली याची दखल घेण्याची कोणास गरज वाटली नाहीं. कच्छ आणि मच्छलीपट्टण येथें ती विद्या अद्याप जिवंत आहे, तोंवर तिचें मोल जाणून, नांव घेऊन व योग्य दाम देऊन बोलावें. मागाहून लिहिलेल्या मृत्युलेखानें कोणताही हौद पुन्हां निळा होत नाहीं.