कडब्याला भाव, मग पऱ्हाटी फुकट का?



झाडापासून काढलेला आणि कपडा फाटल्यावर पुन्हा धागा करता येणारा तंतू, अशी कापडधंद्यात सध्या मोठी चर्चा आहे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे आणि रसायनांचे कारखाने शेजारी शेजारी आहेत. असा तंतू उद्या तिथे झाला किंवा आणखी कुठे झाला, तरी कच्चा माल कोरडवाहू रानातला असू शकतो. म्हणून भावाचे बोलणे आजच झाले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

मुळात कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. सुती चिंध्या पिंजून पुन्हा सूत निघते; दर फेरीला तंतू आखूड होतो, इतकेच. फारच आखूड झाला तर तो विरघळवून नवा धागा ओढता येतो. घोटाळा होतो तो सुतात पॉलिस्टर मिसळल्यावर. दोन्ही वेगळे करणे कठीण आणि महाग. तरी २०२१ साली केंद्राने कापडधंद्यासाठी १०,६८३ कोटींची प्रोत्साहन योजना काढली, ती कृत्रिम धाग्याच्या कापडासाठी आणि तांत्रिक वस्त्रांसाठी. सुती कपड्यांना त्यात जागा नव्हती. पुढे २०२५ च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्कही माफ केले.

आता पऱ्हाटीकडे पाहा. हेक्टरी दोन-तीन टन निघते. लाकडाप्रमाणे तिच्यातही सेल्युलोज आहे; लिग्निन काढले की लगदा होतो. माटुंग्याला १९२४ साली सुरू झालेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करून दाखवले आहेत. जपानमध्ये सरकीवरच्या बारीक लवेपासून क्युप्रो नावाचा रेशमासारखा धागा काढतात.

ज्वारीच्या कडब्याला कोणी कचरा म्हणत नाही, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. पऱ्हाटीला गिऱ्हाईक नाही म्हणून ती बांधावर पेटते. उद्या गिऱ्हाईक आले की म्हणेल, "तुमचे रान साफ करून देतो." पऱ्हाटी वेळेवर हलली तर गुलाबी बोंडअळीचा आसरा मोडतो, हे खरे. पण आपला फायदा झाला म्हणून माल फुकट ठरत नाही.

कारखानदारावर डोळे मिटून भरवसाही नको. स्वीडनमध्ये जुन्या सुती कपड्यांचा लगदा करणारी रिन्यूसेल कंपनी पुरेशा मागणीअभावी २०२४ साली दिवाळखोरीत गेली. व्हिस्कोजच्या जुन्या पद्धतीत कार्बन डायसल्फाइड हे विषारी रसायन लागते. लायोसेलमध्ये द्रावक गोळा करून पुन्हा वापरतात. तारापूरच्या सांडपाण्यापायी मच्छीमारांच्या संघटनेला २०१६ साली हरित लवादाकडे जावे लागले. आपल्या पऱ्हाटीचे विष कोळ्यांच्या खाडीत जाणार असेल तर तो धंदा आपला नव्हे.

तेव्हा जिल्हा बैठकीत ठराव असा व्हावा: पऱ्हाटीला वजनावर भाव, उपटणी, तुकडे आणि वाहतूक खरेदीदाराकडे, करार लेखी आणि आगाऊ रकमेसह, सांडपाण्याची सोय आधी, माल नंतर. आणि कडबा जनावरांचा आहे, तो लगद्यासाठी मागू नये.

कापसाचा भाव दुसऱ्यांनी ठरवला. पऱ्हाटीचा भाव ठरताना तरी आपण समोर बसू.