विश्लेषण : गाठ एकच, नावे दोन? लिम्फोमाच्या निदानात गुणसूत्रांची तपासणी का महत्त्वाची?

मानेतील गाठ काढून तपासायला दिली. अहवाल आला : ‘मिक पॉझिटिव्ह, बीसीएल-2 पॉझिटिव्ह’. त्याखाली एक ओळ : ‘फिश चाचणी करावी’. कर्करोग आहे हे ठरले, प्रथिनेही सापडली, मग आणखी एक महागडी चाचणी कशासाठी, असा प्रश्न लिम्फोमाच्या रुग्णांच्या घरात हमखास पडतो. प्रश्न रास्त आहे. कारण अनेकदा या एका चाचणीवर पुढचे उपचार ठरतात, तर काही प्रकारांत ती नसली तरी चालते.

गुणसूत्रे तुटतात कशी?

लसिका ग्रंथींतील बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात. जंतू अगणित आणि जनुके मोजकी, म्हणून या पेशी स्वत:चाच डीएनए कापून नव्याने जोडतात. ही कापाकापी शरीराच्या संरक्षणासाठीच असते, मात्र क्वचित जोडणी चुकते आणि एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटतो. प्रतिपिंडाचे एक मुख्य जनुक 14व्या गुणसूत्रावर आहे आणि बी पेशीत ते सतत जोरात सुरू असते. त्याच्या शेजारी येऊन पडलेले जनुकही मग बंद होत नाही.

18व्या गुणसूत्रावरील बीसीएल-2 तिथे आले तर फॉलिक्युलर लिम्फोमा, 11व्यावरील सायक्लिन डी1 आले तर मँटल सेल, 8व्यावरील मिक आले तर बर्किट. डेनिस बर्किट यांनी 1958 मध्ये युगांडातील मुलांच्या जबड्यातील ज्या गाठींचे वर्णन केले, तो हाच आजार. मिक पेशींना भराभर विभागायला लावते. बीसीएल-2 तसे करत नाही, ते पेशीला मरू देत नाही. त्यामुळे बर्किट काही दिवसांत वाढतो, तर फॉलिक्युलर वर्षानुवर्षे रेंगाळतो. गंमत म्हणजे 14 आणि 18ची ही अदलाबदल अनेक निरोगी प्रौढांच्या रक्तातही सूक्ष्म प्रमाणात सापडते आणि त्यातील बहुतेकांना लिम्फोमा कधीच होत नाही.

प्रथिन दिसले म्हणजे गुणसूत्र तुटले का?

नाही. घोळ नेमका इथेच होतो. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री ही रंगचाचणी पेशीत प्रथिन आहे का, हे दाखवते. फिश ही जनुक जागेवरून हलले आहे का, हे दाखवते. बीसीएल-2 तर निरोगी टी पेशींतही असते. उलट, जनुक हललेले असूनही प्रथिनाचा आकार किंचित बदलल्याने नेहमीचा रंग न चढणे, असेही फॉलिक्युलर लिम्फोमात घडते. सायक्लिन डी1चे मात्र तसे नाही. निरोगी बी पेशींत ते जवळपास नसतेच, त्यामुळे बाकीचे चित्र जुळत असेल तर रंगचाचणीवरच बहुतेकदा भागते.

सर्वाधिक आढळणाऱ्या ‘डिफ्यूज लार्ज बी सेल’ लिम्फोमात हा फरक सर्वात महत्त्वाचा ठरतो. सुमारे 40 टक्के पेशींत मिक आणि 50 टक्क्यांहून अधिक पेशींत बीसीएल-2 दिसले तर त्याला ‘डबल एक्स्प्रेसर’ म्हणतात. दोन्ही जनुके प्रत्यक्ष हललेली असतील तर तो ‘डबल हिट’. पहिला बराच आढळतो, दुसरा कमी. पण दुसरा अधिक आक्रमक आणि नेहमीच्या आर-चॉप उपचारांना कमी दाद देणारा. अशा रुग्णांना अनेक डॉक्टर अधिक तीव्र औषधयोजना देतात. अर्थात तिच्या सरसतेचा थेट तुलनात्मक पुरावा अजून तोकडाच आहे, हेही रुग्णाला सांगायला हवे.

मग नावांचा वाद कोणता?

2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणाने मिक आणि बीसीएल-6 हललेल्या गाठींना डबल हिटच्या गटातून वगळले. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने त्यांना तात्पुरता स्वतंत्र गट म्हणून ठेवले. परिणामी एकाच गाठीला दोन प्रयोगशाळांकडून दोन नावे मिळू शकतात. अहवाल चुकीचा आहे असे समजून घाबरण्यापूर्वी कोणते वर्गीकरण वापरले, हे विचारावे.

भारतात अडचण कुठे?

बहुधा फिशच्या आधीच. आपल्याकडे मानेची गाठ म्हटले की पहिला संशय क्षयाचा. तो बऱ्याचदा खराही ठरतो. पण बायोप्सी न करता औषधे सुरू झाली की लिम्फोमाचे महिने वाया जातात. बायोप्सीपूर्वी स्टेरॉइड दिले तर गाठ आक्रसते आणि नमुन्यात काहीच स्पष्ट दिसत नाही. केवळ सुईने ओढलेल्या पेशींवर लिम्फोमाचा प्रकार ठरवणे अवघड असते.

नव्या उपचारांनाही ही माहिती लागते, पण प्रत्येक वेळी सारखी नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या ‘नेक्सकार19’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली. तो पेशीवरील सीडी19 हे प्रथिन शोधतो. कोणते गुणसूत्र तुटले याच्याशी त्याला देणेघेणे नाही. बीसीएल-2 रोखणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्सची तऱ्हा आणखी वेगळी. ज्या फॉलिक्युलर लिम्फोमात हेच जनुक हललेले असते, तिथे एकट्या औषधाचा प्रभाव माफकच दिसला. ते यशस्वी ठरले दीर्घकालीन लिम्फोसायटिक रक्ताच्या कर्करोगात, जिथे ही अदलाबदल सहसा नसते.

रुग्णांसाठी दिलासा एवढाच, की फिशसाठी सहसा दुसरी शस्त्रक्रिया लागत नाही. पहिल्या बायोप्सीचा मेणातील ठोकळा प्रयोगशाळेकडे असतो. नमुना पुरेसा असेल आणि फॉर्मेलिनमध्ये नीट ठेवला गेला असेल, तर तोच ठोकळा मागून घेऊन दुसऱ्या केंद्रात चाचणी करता येते.