उभे असले तरी जागे!

मिक्सरच्या पात्याला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा, हे तुम्हांला ठाऊक आहेच. परंतु स्वयंचलित गवतकापणी यंत्राला हा धडा पुरत नाही. स्वीडनच्या हुस्कवर्ना कंपनीने १९९५ साली सौरशक्तीवर चालणारे असे यंत्र बाजारात आणले. आज युरोपातील कित्येक बागांत अशी यंत्रे फिरतात. वीज पोटातल्या बॅटरीत. ठरलेली वेळ झाली की स्वारी आपली आपण निघते! म्हणून माझ्या मते ते उभे असतानाच अधिक फसवे. मोबाइलवरून थांबवले, एवढ्यावर विसंबू नये. मुख्य स्विच बंद करावा, जाड हातमोजे घालावेत, मगच ते उलटे करावे. बहुतेक यंत्रांत चकतीवर दाढीच्या पात्यांसारखी छोटी, सैल पाती असतात. बोथट झाल्यावर सगळी एकदम, स्क्रूंसकट बदलावीत. एकच बदलले तर वजनाचा तोल बिघडून चकती थरथरते आणि बेअरिंग लवकर झिजते.