उतरवलेला पाळणा
गेल्या रविवारी साताऱ्यास भाचीच्या घरी, धाकट्याला दोन वर्षे पूर्ण झाली म्हणून माजघरातील तुळईचा पाळणा उतरवून सांगलीच्या नणंदेकडे, जिथे त्याची लवकरच गरज भासणार आहे, रवाना करण्याचे ठरले, तेव्हा कड्यांची करकर ऐकून धावत आलेल्या पाच वर्षांच्या थोरलीने अत्यंत गंभीर मुद्रेने विचारले, “आजी, आपल्याकडची बाळं संपली का?” त्यावर धाकट्याने दुपटे अंगाभोवती गुंडाळून ‘मी आहे ना बाळ!’ असा दावा दाखल केला आणि बाळांना बेसनाचा लाडू मिळत नाही, हे बहिणीने निदर्शनास आणताच तो तत्क्षणी बिनशर्त मागेही घेतला. मुलांच्या लेखी बाळपण हा घरातील एक हुद्दा असतो; एकाने तो सोडावा, दुसऱ्याने त्यावर रुजू व्हावे. 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचे केंद्र उभारणाऱ्या ताराबाई मोडकांनी बालकाला स्वतंत्र व्यक्ती मानण्याचा संस्कार महाराष्ट्राला दिला, आणि त्या संस्काराला स्मरून अशा प्रश्नाला सरळ उत्तरच दिले पाहिजे. मी सांगितले, की बाळे संपली नाहीत, मोठी झाली, आणि तुझी आईही याच पाळण्यात निजत असे. तेव्हा क्षणभर विचार करून तिने आपली कापडी चिमणी पाळण्यात ठेवली, नव्या बाळाला एकटे वाटू नये म्हणून. पाळणा माळ्यावर टाकून त्याच्या आठवणींनी झुरण्यापेक्षा तो मुलांच्याच हातून पुढच्या घराच्या हवाली करावा, हे माझे निःसंदिग्ध मत आहे. कारण बाळपणाला हसतमुखाने निरोप कसा द्यावा, हे आयांपेक्षा मुलांना अधिक कळते.