स्थानक आणि गाव

अमेरिकेच्या गवताळ मैदानांत आधी रूळ पडले, मग स्थानकाभोवती गावे वसली. कोकणात उलट घडले. रत्नागिरीत नगर वाचनालय १८२८ पासून आहे, सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर १९३१ पासून. कोकण रेल्वे रोह्यापासून ठोकूरपर्यंत सलग धावू लागली ती १९९८ मध्ये. म्हणून येथील नागरी जीवन रेल्वेने घडवले, असे आम्ही मानत नाही. येणेजाणे सुकर झाले, हे खरेच. परंतु आरे-वारेचा किनारा पाहून परतीची गाडी पकडणारा पर्यटक आणि गणपतीला येणारा चाकरमानी, दोघेही अखेर पाहुणेच. गाव तगते ते वाचनालयाची वर्गणी भरणाऱ्यांमुळे. कोकणच्या साहित्याने फलाटावरचे निरोप आता पुरे करावेत आणि या मागे राहिलेल्यांकडे वळावे, असे आम्हांस वाटते.